वडिलांचं डायलिसिस चालू आहे, खर्च झेपत नाहीये. मदत कुठं मिळेल?

शिवार२२:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

अण्णांच्या (वडील, वय ५८) दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं दिवाळीनंतर कळलं. शुगर आणि बीपी कितीतरी वर्षांपासून होतं पण गोळ्या कधी नियमित घेतल्या नाहीत, पाय सुजायला लागले तेव्हा आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले लगेच डायलिसिस सुरू करा. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा चालू आहे. डॉक्टर तीनदा करा म्हणतात पण पैशामुळं दोनदाच करतोय. गाव बीड जिल्ह्यात, डायलिसिस तालुक्याच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलला. तिथं योजना वगैरे काही चालत नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. डायलिसिसचं बिल वेगळं, इंजेक्शन वेगळं, महिन्याच्या तपासण्या वेगळ्या, आणि येण्याजाण्याला गाडी.

मी चाकणला कंपनीत आहे, पगार कापून हातात १८ हजाराच्या आसपास येतो. धाकटा भाऊ शेती बघतो. आईच्या पाटल्या मोडून झाल्या. आता अण्णा स्वतःच म्हणायलेत की रस्त्याकडंचं एकर काढून टाकू, गिऱ्हाईक पण तयार आहे. मला ते नको वाटतंय कारण डायलिसिस काही दोन महिन्यांत संपणारी गोष्ट नाही, एकर संपल्यावर पुढं काय. रेशनकार्ड केशरी आहे. सरकारी मदत, ट्रस्ट, मंदिर, कुठलीही माहिती असेल तर प्लीज सांगा. कुठं जायचं, कोणाला भेटायचं, कागद कुठले, सगळं सविस्तर सांगितलं तर उपकार होतील.

तुळसकट्टा:

भाऊ, जमीन विकायचा विषय आत्ता पूर्ण बाजूला ठेवा. गिऱ्हाईकाला सांगा दोन-तीन महिने थांब. केशरी कार्ड असताना डायलिसिसला खिशातून पैसे भरणं हे व्हायलाच नको होतं, पण बऱ्याच घरांत असंच होतं कारण पहिल्या दिवशी घाबरून जे जवळ असेल तिथं नेतो आणि मग तिथलंच चक्र सुरू होतं.

माझी आई डायलिसिसवर आहे म्हणून सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून आहे, आधी राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे तीच, २०१७ ला नाव बदललं. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कव्हर होतं, आता ५ लाख आहे, आणि १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही कार्ड चालतं. डायलिसिस ह्यात बसतं. तुम्हाला हातात पैसे मिळत नाहीत, हॉस्पिटलचं बिल योजना भरते, पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत पाहिजे. तुमचं सध्याचं नाही, एवढाच अडथळा आहे. म्हणजे प्रश्न पैसे कोण देणार हा नाहीच, अण्णांना कुठल्या हॉस्पिटलला हलवायचं हा आहे.

तर पहिलं काम १५५३८८ ला फोन लावा, किंवा १८०० २३३ २२०० हा टोल फ्री आहे. बीड जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यात डायलिसिससाठी योजनेतली कुठली हॉस्पिटलं आहेत ते विचारा. "डायलिसिससाठी" हा शब्द मुद्दाम वापरा कारण हॉस्पिटल योजनेत असतं पण सगळ्या उपचारांसाठी असेलच असं नाही, हाडांचं असतं आणि किडनीचं नसतं, आणि आपण आजारी माणसाला घेऊन तिथं पोचल्यावर कळतं.

मग यादीतल्या हॉस्पिटलला अण्णांना न घेता आधी तुम्ही किंवा भाऊ जाऊन या. दारात किंवा रिसेप्शनजवळ योजनेची माणसं, आरोग्यमित्र, बसतात, तिथं बोर्ड असतो. त्यांना रेशनकार्ड, आधार आणि नेफ्रॉलॉजिस्टचे (किडनीच्या डॉक्टरचे) कागद दाखवा. डॉक्टरला भेटायच्या आधी आरोग्यमित्राला भेटा, उलटं केलं की आधी डिपॉझिट भरा असं सांगणारे भेटतात.

आणि आजच रात्री एक काम करा, अण्णांचं नाव रेशनकार्डावर आहे का आणि आधारवर तसंच आहे का हे बघा. आमच्याकडं कार्डावर आईचं नाव जुन्या पद्धतीनं आणि आधारवर वेगळं स्पेलिंग, त्यावर ऑनलाइन मॅच होईना. तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्ती करून घेईपर्यंत जीव टांगणीला होता. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर निघालेला आहे का तेही बघून घ्या.

आईला ७० पूर्ण झाली आहेत म्हणून तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड पण काढलं, ते २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालंय, त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवर निघतं. अण्णांना ते लागू नाही पण इथं वाचणाऱ्या कोणाच्या घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर काढून ठेवा.

नाईटशिफ्ट_टेक:

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, पेशंटच्या बाजूनं दोन शब्द सांगतो.

पैशासाठी तीनचं दोन केलंय ते मला कळतं, रोज बघतो. पण दोनचं दीड करू नका. म्हणजे ह्या वेळी पैसे नाहीत तर पुढच्या वेळी जाऊ असं अजिबात करायचं नाही. मधले दिवस वाढले की पाणी फुप्फुसात जातं, पोटॅशियम चढतं, आणि मग रात्री दोन वाजता धाप लागलेला पेशंट येतो. त्याला आयसीयू लागतं, आणि आयसीयूच्या दोन दिवसांचं बिल तुम्ही वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट होतं. जागा मिळेपर्यंत अण्णांचं पाणी आणि मीठ सांभाळा. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढतंय ते घरी रोज सकाळी एकाच काट्यावर बघा आणि लिहून ठेवा. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, किती सांगितलंय ते विचारलं का? नसेल तर पुढच्या वेळी विचारा.

दुसरं, हॉस्पिटल बदलणार असाल तर सध्याच्या ठिकाणाहून डायलिसिस समरी मागून घ्या. त्यात ड्राय वेट, हेपरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते) किती देतात, कुठल्या नळीतून चालू आहे, शेवटच्या काही सेशनचं बीपी हे सगळं असतं. सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी ह्या तिन्हीचे ताजे रिपोर्ट पाहिजेत. हे रिपोर्ट नसतील तर कुठलंच सेंटर मशीनवर घेत नाही, कारण पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं ठेवावं लागतं. लोक इथंच दोन-तीन दिवस घालवतात. कागद देत नाही म्हणाले तर शांतपणे लेखी अर्ज द्या, आपले रिपोर्ट मागणं हा आपला हक्क आहे.

तिसरं, मानेतून नळी आहे की हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडायचं ऑपरेशन) झालाय? दिवाळीनंतर सुरू झालंय म्हणता म्हणून विचारतो. मानेतली नळी जितके दिवस राहील तितकी इन्फेक्शनची भीती, थंडी वाजून ताप आला की पुन्हा ॲडमिट. फिस्टुला केल्यावर तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात म्हणून त्याची तजवीज लगेच करायला पाहिजे. योजनेतल्या हॉस्पिटलला डायलिसिसचं विचारतानाच फिस्टुलाचंही विचारा. झाल्यावर त्या हातावर बीपी बघू द्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, जड उचलायचं नाही, आणि रोज बोट ठेवून बघायचं, मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. थरथर बंद वाटली तर त्याच दिवशी पळा.

आणि हो, प्रायव्हेटला करताय तोवर बिलाची फोड मागा. डायलायझर (रक्त गाळायचं फिल्टर), ट्यूबिंग (नळ्या), इंजेक्शन वेगवेगळं लिहून. रक्त वाढायचं इंजेक्शन (इपीओ) हे महिन्याच्या खर्चात मोठं असतं, त्याचे कंपनीप्रमाणे दर खूप वेगळे असतात, स्वस्तातलं चालेल का हे नेफ्रॉलॉजिस्टला थेट विचारा. लाजू नका, त्यांना सवय असते. बीपीच्या गोळ्या जनऔषधीतून घ्या, डॉक्टरला औषधाचं मूळ नाव लिहून मागा.

गोदाकाठ:

एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभागात काम केलंय, आता निवृत्त. वरच्या दोघांनी चांगलं सांगितलंय, राहिलेलं मी सांगतो.

सगळ्यात आधी जिल्हा रुग्णालय. लोक हे शेवटी धरतात, ते पहिलं धरलं पाहिजे. केंद्रानं २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, त्यातून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस युनिट आली, गरिबांना मोफत. शिवाय महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत, त्यात तुमचं कार्ड कुठल्या रंगाचं हा प्रश्नच येत नाही. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, त्यांना हा निर्णय लागू नाही, तिथं जन आरोग्य योजनेतून करावं लागतं. हा फरक लक्षात ठेवा, गोंधळ इथंच होतो.

अडचण काय तर वेटिंग. मशीन कमी, पेशंट जास्त. म्हणून नाव आत्ताच नोंदवा आणि नोंदवल्यावर घरी बसू नका. डायलिसिस युनिटच्या सिस्टरला अधूनमधून भेटत राहा, कुठला स्लॉट रिकामा होतो ते तिला आधी कळतं. रात्रीचा किंवा पहाटेचा स्लॉट घेऊ म्हणून स्वतः सांगा, तो लवकर मिळतो. उपजिल्हा रुग्णालयात मशीन आहे का तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी आता आहे.

धर्मादाय रुग्णालयं. मोठी ट्रस्टची जी रुग्णालयं आहेत त्यांना धर्मादाय आयुक्तांच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं ही योजना आली, आणि बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. निर्धन म्हणजे वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथं गेल्यावर "चॅरिटी कोट्यात बसेल का" असं काउंटरवर विचारू नका, काउंटरवाला नाहीच म्हणतो. वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना, म्हणजे सगळे एमएसडब्ल्यू म्हणतात त्यांना भेटा आणि लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. धर्मादाय सह आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते आणि लेखी काही हातात असेल तरच तिथं काम होतं.

मुख्यमंत्री सहायता निधी. त्यांच्या आजारांच्या यादीत डायलिसिस आहे. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत पाहिजे. विहित अर्ज, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक (प्रायव्हेट असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून), तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला, रुग्णाचं आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट. दोन गोष्टी नीट ऐका. पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, आणि झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही, म्हणून बिलं जमवून वर्षानं अर्ज करू म्हणाल तर उपयोग नाही. आणि हे पैसे पुन्हा पुन्हा मिळत नाहीत, डायलिसिस आयुष्यभराचं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हा निधी, मंदिर, ट्रस्ट हे अडलेल्या महिन्याला आधार म्हणून धरायचं, त्याच्यावर डायलिसिस चालवता येत नाही. ते फक्त योजनेवर किंवा जिल्हा रुग्णालयावरच चालतं. सिद्धिविनायक न्यासाकडूनही रुग्णांना मदत मिळते, त्याचा अर्ज जरूर करा, पण पाय योजनेच्या हॉस्पिटलला आधी लावा.

उत्पन्नाचा दाखला आजच टाका, सेतूमधून किंवा आपले सरकारवरून. वरच्या निम्म्या गोष्टी त्या एका कागदावर अडतात.

शिवार२२:

एवढ्या लवकर एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं खरंच.

१५५३८८ ला लावला, जिल्ह्यातली नावं दिली त्यांनी. भाऊ उद्या जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवायला जातोय. रेशनकार्डावर अण्णांचं नाव आहे पण आधारवर आडनावात एक अक्षर वेगळं आहे, ते करून घेतो. नळी मानेतच आहे, फिस्टुलाचं कोणी बोललंच नाही आजपर्यंत.

प्रश्न दोन. एक, जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे आमच्यापासून दोन तास, आठवड्यातून तीनदा गाडी करून परवडणार कसं. दोन, उत्पन्नाच्या दाखल्यात माझा पगार धरतील का? माझ्या पेमेंट स्लिपला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) कापून येतं, ग्रॉस १९ हजार आठशे दिसतं.

जमाखर्च:

थांबा थांबा थांबा. ईएसआयसी कापतात तुमचं?? मग हे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं!

२१ हजारांपर्यंत ग्रॉस असलेल्या कामगाराला ईएसआयसी लागू असतं आणि त्यात फक्त तुम्ही नाही, अवलंबून असलेले आईवडील पण येतात, त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९ हजारांच्या आत असेल तर. शेतीचं उत्पन्न धरून बघा पण बहुतेक बसेल. डायलिसिस त्यांच्या हॉस्पिटलला नसेल तर टायअप असलेल्या प्रायव्हेटला कॅशलेस पाठवतात. पैसे कापले जातायत म्हणजे हक्क तुमचा आहे, कोणाची मेहरबानी नाही.

काय करायचं ते सांगतो. एचआरला विचारा की तुमच्या ई-पहचान कार्डावर (ईएसआयसीचं ओळखपत्र) अण्णा आणि आई ह्यांची नावं टाकली आहेत का. बऱ्याच कंपन्यांत जॉइन होताना घाईत फक्त कामगाराचं नाव जातं, किंवा कॉन्ट्रॅक्टर टाकतच नाही. नसेल तर ऑनलाइन टाकता येतात, आधार लागेल. कुटुंब दुसऱ्या गावी राहत असेल तर त्यांच्यासाठी तिकडचा दवाखाना वेगळा निवडता येतो. मोठ्या उपचारांसाठी नोकरीला किती काळ झाला आणि किती दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन भरलंय ह्याची अट असते, तुम्ही किती दिवस झाले लागून? चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयसीचं हॉस्पिटल आहे, सुट्टीच्या दिवशी नाही तर अर्धा दिवस रजा टाकून तिथं जाऊन समोरासमोर विचारा, फोनवर धड उत्तर मिळत नाही.

ह्याच निमित्तानं बाकीच्यांसाठी पण लिहितो. कामगार स्वतः डायलिसिसवर असेल तर ईएसआयसीत नुसता उपचार नाही, पगाराचा भाग पण मिळतो. साध्या आजारपणाला ७० टक्के, आणि दीर्घ आजारांची जी यादी आहे त्यात किडनी निकामी होणं आहे, त्यासाठी ८० टक्के दोन वर्षांपर्यंत. माझ्या ओळखीत एकानं हे माहीत नसल्यामुळं नोकरीच सोडली, आणि नोकरी सोडली की कव्हर पण गेलं. डायलिसिस लागलं म्हणून घाईत राजीनामा कोणी देऊ नका.

बांधकाम कामगार म्हणून नोंदणी चालू असेल तर त्या कल्याणकारी मंडळातून गंभीर आजाराला १ लाखापर्यंत मदत आहे, कामगाराला किंवा नवरा-बायकोला. नोंदणी जिवंत पाहिजे.

आणि जे इन्कम टॅक्स भरतात त्यांच्यासाठी, घरातल्या अवलंबून माणसाचं डायलिसिस असेल तर ८०डीडीबी कलमाखाली वजावट मिळते, ४० हजारांपर्यंत, रुग्ण साठीच्या पुढचा असेल तर १ लाखापर्यंत. नेफ्रॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र लागतं आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. तुमच्या पगाराला ह्याचा संबंध नाही, पण एखाद्या काका-मामाला लागू होईल.

उत्पन्न दाखल्याचं म्हणाल तर तो कुटुंबाचा निघतो. तलाठ्याकडं खरी परिस्थिती सांगा, तुम्ही वेगळं राहता, रेशनकार्ड एकत्र आहे का वेगळं, सगळं. खोटा दाखला काढून देतो म्हणणारे भेटतील, त्या नादी लागू नका, पुढं सगळं अडकतं.

उन्हाची_तिरीप:

मी स्वतः पेशंट आहे, बरीच वर्षं झाली डायलिसिसवर. नोकरी करते, स्वयंपाक करते, हे आधी अण्णांना सांगा. पहिले काही महिने माणूस फार खचतो, घरच्यांवर ओझं झालो असं वाटतं, आणि मग ते स्वतःच जमीन विकू नाही तर डायलिसिस बंद करू असं बोलायला लागतात. तुमचे अण्णा जमिनीचं बोलतायत ना, त्याच्यामागं हे असू शकतं. त्यांच्यासमोर बिलाचा हिशोब करत बसू नका.

प्रवासाचं. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला साध्या गाडीत मोफत प्रवास आहे, सिकलसेल, एचआयव्ही आणि हिमोफिलियाच्या पेशंटसारखा. डेपोत जाऊन कागद कुठला लागतो ते विचारा, हॉस्पिटलकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. डायलिसिस झाल्यावर बीपी पडतं, चक्कर येते, त्यामुळं परतीला सोबत माणूस पाहिजेच, आई सोबत असेल तर महिलांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेनं जायची वेळ आली तर किडनी पेशंटला डायलिसिससाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही. त्याचा ठरलेला फॉर्म असतो, हॉस्पिटलच्या सहीशिक्क्यासकट, तो काउंटरवर द्यायचा.

आमच्या सेंटरला एकाच भागातले तीन पेशंट एकाच स्लॉटला लावून घेतलेत, एक गाडी तिघांत. भावाला सांगा सिस्टरला विचार की आमच्या बाजूचं अजून कोण येतं, कोणीतरी निघतंच.

अजून एक. घरी पोटातून करायचं डायलिसिस पण असतं, सीएपीडी म्हणतात. दिवसातून तीन-चार वेळा पिशवी बदलायची, मशीन नाही, शहरात जाणं नाही, महिन्यातून एखादी फेरी. लांबच्या गावांतल्या लोकांना ते बरं पडू शकतं पण स्वच्छता फार कडक पाळावी लागते आणि पिशव्यांचा खर्च असतो. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ नंतर ह्याचाही समावेश केलाय. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरला नक्की विचारा की अण्णांना चालेल का. सगळ्यांना चालत नाही, पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर अवघड जातं.

नाईटशिफ्ट_टेक:

ताईंनी बरोबर सांगितलं. ट्रान्सप्लांटचं पण कानावर असू द्या, अण्णा ५८ चे आहेत, हृदय ठीक असेल तर विचार होऊ शकतो. जन आरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांटला साडेचार लाखांपर्यंत आहे आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही ट्रान्सप्लांटसाठी मदत मिळते. पण नंतरची गोळ्यांची जबाबदारी आयुष्यभर असते, त्यामुळं घाई नको. आधी फिस्टुला आणि तीन वेळचं डायलिसिस.

शिवार२२:

नोकरीला सव्वादोन वर्षं झाली. आज एचआरला विचारलं, कार्डावर फक्त माझं एकट्याचंच नाव आहे. आई-अण्णांचे आधार मागवलेत, रविवारी टाकतो म्हणाले. सोमवारी मोहननगरला जातो. भावानं जिल्हा रुग्णालयात नाव लावलं, वेटिंग आहे म्हणाले पण रात्रीचा स्लॉट चालेल म्हणल्यावर सिस्टरनी वहीत वेगळी खूण केली.

एकराचं गिऱ्हाईक परत पाठवलं. अण्णा रागावले आधी. एक विचारायचं राहिलं, ईएसआयसी आणि जन आरोग्य योजना दोन्ही एकदम चालतात का? म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्यातून केलं तर नंतर काही अडचण?

गोदाकाठ:

एका सेशनचं बिल दोन्हीकडून घेता येत नाही, एवढं नक्की. जिल्हा रुग्णालयात स्लॉट मिळाला तर तो घ्या, ईएसआयसीसाठी थांबू नका, तिथलं मोफत आहे. ईएसआयसीचं रेफर लेटर हातात आलं की मग आरोग्यमित्राला आणि ईएसआयसीवाल्यांना दोघांनाही खरं काय ते सांगा आणि कुठलं जवळ पडतं, कुठं फिस्टुला लवकर होतो ते बघून ठरवा. जुन्या हॉस्पिटलचं डायलिसिस नवीन जागा पक्की होईपर्यंत सोडू नका. सोमवारी मोहननगरला जाताना पेमेंट स्लिपा, कार्डाची प्रिंट, अण्णांचे सगळे रिपोर्ट आणि त्या तीन तपासण्यांच्या (एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी) झेरॉक्स दोन-दोन प्रती घेऊन जा. आणि काय म्हणाले ते इथं कळवा, अडलं तर पुढं कुठं अर्ज करायचा ते सांगतो.